३०१८ यंत्रावर नक्षी सरकते, खोली बिघडते, संगणकाशी संपर्क तुटतो : दोष वेगळे कसे करावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी ३०१८ जातीचे लहान सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणारे, यंत्र आहे आणि त्यावर देवघराच्या दारासाठी सागवानी फळीत गणपतीचे उठावाचे कोरीवकाम चालले आहे. तक्रारी चार आहेत. काम अर्ध्यावर आले की नक्षी वाय (पुढे-मागे) दिशेने एकदम सरकते. डावीकडे खोली कमी आणि उजवीकडे जास्त येते. मधूनच संगणकाशी संपर्क तुटून यंत्र जागच्या जागी थांबते. आणि कडा काळपट, तंतू सुटलेल्या निघतात. हाच छंद असलेल्या तीन मित्रांनी तीन सल्ले दिले आहेत. पहिला म्हणतो मोटरचा करंट वाढवा, दुसरा म्हणतो वेग निम्मा करा, तिसरा म्हणतो बोर्डच बदला. यांतले कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की तिन्ही मित्र आपापल्या यंत्रापुरते खरे बोलत असावेत, परंतु त्यांनी ज्या दोषावर इलाज सांगितला तो दोष आपल्या यंत्रात आहे की नाही हे अजून कोणीच तपासलेले नाही. चार तक्रारी एकाच वेळी सुरू झाल्या म्हणून त्यांचे मूळही एकच असेल, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या वर्णनावरून मला किमान तीन वेगळी मुळे दिसतात. त्यामुळे सध्या एकही सेटिंग बदलू नका. फक्त ग्रबलला, म्हणजे बोर्डावर चालणाऱ्या नियंत्रक प्रणालीला, संगणकावरून ‘$$’ ही आज्ञा देऊन जे आकडे पडद्यावर येतील ते सगळे वहीत उतरवून ठेवा. हा कागद पुढे बोर्ड बदलला किंवा कोणी उत्साहाने सेटिंग फिरवले, तर उपयोगी पडतो.

आता चाचणी. ज्या प्रोग्रॅमवर नक्षी सरकली, तोच प्रोग्रॅम चार पायऱ्यांनी चालवायचा आणि प्रत्येक पायरीला एकच नवी गोष्ट जोडायची. पहिल्या वेळी फळी टेबलावर आवळलेली असू द्या, पण झेडचा (वर-खाली दिशेचा) शून्य फळीपासून २० मिमी वर ठेवा आणि स्पिंडल (बिट, म्हणजे कोरणारे पाते, फिरवणारी मोटर) बंद ठेवून सगळे काम हवेत होऊ द्या. दुसऱ्या वेळी तेच, पण स्पिंडल चालू. तिसऱ्या वेळी व्हॅक्यूम क्लीनरही चालू. चौथ्या वेळी प्रत्यक्ष लाकडात. सुरू करण्यापूर्वी टेबलाच्या एका मोकळ्या कोपऱ्यात कागदी टेप चिकटवून त्यावर बारीक पेन्सिलीने फुली काढा, टोकदार बिट तिच्या बरोबर वर आणून तोच एक्स-वायचा शून्य धरा, आणि प्रत्येक फेरीनंतर यंत्राला पुन्हा शून्यावर बोलावून बिट हलकेच खाली आणून पाहा. कामाचा शून्य फळीच्या मध्यावर धरण्याची सवय असेल, तरी या चाचणीपुरता तो कोपऱ्यात धरा. मात्र नक्षी टेबलाच्या प्रवासाबाहेर जाणार नाही एवढे आधी पाहून घ्या. यात वेळ जातो, हे खरे. पण चौथ्या फेरीपर्यंत न पोहोचताच उत्तर मिळण्याची शक्यता बरीच आहे, आणि सागवान वाया जात नाही.

पहिल्या फेरीतच बिट फुलीवर परत आले नाही, तर कापतानाचा जोर, बिट, स्पिंडल, भुसा हे सगळे निर्दोष ठरतात. मग उरतात कपलर, मोटर, ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारी चिप) आणि प्रवेगाचे आकडे. यांतला कपलर सर्वांत आधी पाहावा. ३०१८ मध्ये मोटरचा ५ मिमीचा शाफ्ट आणि ८ मिमीचा लीड स्क्रू (अक्ष सरकवणारा लांब पेचदार दांडा) यांना जोडणारा ॲल्युमिनियमचा सर्पिल खाचांचा छोटा कपलर असतो आणि तो दोन्ही टोकांना ग्रब स्क्रूने, म्हणजे डोके नसलेल्या बारीक पेचाने, पकडलेला असतो. वाय अक्षाचा कपलर टेबलाखाली असल्यामुळे कोणाचे तिकडे लक्ष जात नाही. यंत्र उताणे करा, पर्मनंट मार्करने मोटरच्या शाफ्टवरून कपलरवर आणि कपलरवरून लीड स्क्रूवर जाणारी एक सरळ रेघ ओढा, आणि मग पहिली फेरी चालवा. फेरीनंतर रेघ कपलरच्या एखाद्या टोकाशी तुटलेली, म्हणजे दोन तुकड्यांत सरकलेली दिसली, तर मोटर इमानाने फिरत होती आणि शाफ्ट कपलरमध्ये घसरत होता, हे सिद्ध झाले. रेघ अखंड असून बिट फुलीवर आले नसेल, तर मोटरनेच पावले चुकवली (ही मोटर ठरावीक छोट्या पावलांनी फिरते). या एका रेघेने पहिल्या आणि तिसऱ्या मित्राच्या सल्ल्याचा निकाल लागू शकतो, कारण घसरणाऱ्या कपलरवर वाढीव करंट आणि नवा बोर्ड दोन्ही सारखेच निरुपयोगी आहेत.

कपलर घसरत असेल, तर ग्रब स्क्रू काढून शाफ्ट स्पिरिटने पुसा. कारखान्यातले तेल तिथे बहुधा राहिलेले असते. मोटरच्या शाफ्टला एका बाजूने सपाट भाग असेल, तर एक ग्रब स्क्रू नेमका त्या सपाट भागावर बसला पाहिजे. निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर (पेच सैल होऊ न देणारा द्रव) एक थेंब लावून आवळावे. लाल वापरू नये. तो पुढच्या वेळी निघता निघत नाही.

रेघ अखंड राहिली तर दुसऱ्या मित्राच्या सल्ल्याकडे वळू. ‘वेग निम्मा करा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि बरोबर असलेला अर्धा भाग त्याने सांगितलेला नाही. कोरताना जो वेग असतो तो प्रोग्रॅममधला फीड. पण बिट उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना यंत्र फीड पाहत नाही, ते ग्रबलमधल्या कमाल वेगाने धावते. तो वेग $११०, $१११ आणि $११२ या आकड्यांत अनुक्रमे एक्स, वाय आणि झेडसाठी असतो, आणि त्या वेगापर्यंत किती झटक्याने पोहोचायचे हे $१२०, $१२१ आणि $१२२ ठरवतात. फीड निम्मा केला तरी या धावा तशाच राहतात. शिवाय ३०१८ च्या रचनेत एक्स दिशेने स्पिंडल सरकतो, पण वाय दिशेने अख्खे टेबल लाकडासकट सरकते. सागवानाची घनता साधारण ६५० किलो प्रति घनमीटर धरली, तर ३० × १८ सेंमी मापाची २ सेंमी जाड फळी सुमारे ७०० ग्रॅम भरते. तिच्याखालचा एमडीएफचा तळ आणि क्लॅम्प यांचे वजन वेगळे. एवढे ओझे झटक्याने ओढताना आणि थांबवताना लहान मोटर पाऊल चुकवते. आपली नक्षी एक्समध्ये न सरकता वायमध्येच सरकते, ही गोष्ट याच शंकेला बळ देते. म्हणून फीडला हात न लावता $१११ आणि $१२१ हे दोनच आकडे निम्मे करून पहिली फेरी पुन्हा चालवा. बिट फुलीवर आले, तर मग दोन्ही आकडे थोडे थोडे वाढवून आपल्या यंत्राची मर्यादा शोधता येईल.

$१०० ते $१०२ या आकड्यांना मात्र हात लावू नका. ३०१८ चा लीड स्क्रू एका फेऱ्यात ४ मिमी सरकतो, मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते आणि ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो; म्हणून २०० × १६ ÷ ४ = ८०० हा आकडा तिथे असायला हवा आणि तो गणिताने आलेला आहे. सगळी मापे एकाच प्रमाणात चुकत असतील तरच तिथे पाहावे. नक्षी मध्येच सरकण्याचा या आकड्याशी संबंध नाही. तसेच गणपतीच्या डोळ्यांची वर्तुळे किंचित अंडाकृती येत असतील आणि त्यांच्या चार बाजूंना चपटे ठिपके दिसत असतील, तर तो पितळी नटमधला मोकळेपणा, म्हणजे बॅकलॅश. नटमागची स्प्रिंग दाबलेली आहे का तेवढे पाहावे.

करंट वाढवण्याचा सल्ला मी सर्वांत शेवटी ऐकेन. या यंत्रांच्या अनेक बोर्डांवर ए४९८८ हा ड्रायव्हर असतो. त्यावरचा बारीक पेच फिरवून संदर्भ व्होल्टेज बदलते आणि करंट म्हणजे ते व्होल्टेज भागिले (८ × सेन्स रेझिस्टर, म्हणजे करंट मोजण्यासाठी बसवलेला रोध) असे गणित असते. रेझिस्टर ०.१ ओहमचा असेल तर ०.८ व्होल्टला १ अँपिअर मिळतो. पण रेझिस्टर ०.०५ ओहमचाही असू शकतो, आणि तेव्हा त्याच ०.८ व्होल्टला दुप्पट करंट जातो. म्हणून मित्राच्या बोर्डाचा आकडा आपल्या बोर्डावर उतरवू नये. हीट सिंक आणि हवा नसेल तर हा ड्रायव्हर १ अँपिअरच्या आसपासच फार तापू लागतो आणि जास्त तापला की स्वतःच क्षणभर बंद होतो. त्या क्षणी पावले चुकतात. म्हणजे करंट वाढवून नेमका तोच दोष ओढवून घेता येतो जो घालवायचा होता. नक्षी दर वेळी वेगळ्याच ठिकाणी, पण यंत्र बराच वेळ चालल्यावर सरकत असेल आणि ड्रायव्हरला बोट लावता येत नसेल, तर करंट थोडा कमी करून बोर्डावर छोटा पंखा बसवणे जास्त शहाणपणाचे. विदर्भ-खानदेशातल्या मे महिन्यात तर पंख्याशिवाय हे बोर्ड चालवूच नयेत. यंत्र चालू असताना मोटरची वायर काढू किंवा घालू नये, त्याने ड्रायव्हर जळतो.

खोलीचा प्रश्न अगदी वेगळा आहे आणि तिथे आधी एकच गोष्ट ठरवायची : खोली जागेप्रमाणे बदलते की वेळेप्रमाणे? आपला प्रोग्रॅम डावीकडून सुरू होऊन उजवीकडे जात असेल, तर ‘उजवीकडे जास्त खोल’ याचा अर्थ ‘नंतर जास्त खोल’ असाही होऊ शकतो. तेच काम उजवीकडून सुरू होईल असे करून टाकाऊ तुकड्यावर चालवा. आता डावीकडे जास्त खोल आले, तर दोष वेळेचा आहे : बिट कॉलेटमधून, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीतून, हळूहळू खाली सरकते आहे. चढत्या पिळाचे बिट लाकडातून कीस वर फेकते आणि त्याच जोराने स्वतःला खाली ओढत असते. ईआर११ कॉलेट आधी नटमध्ये तिरकी घालून ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसवायची, मग नट स्पिंडलवर चढवायचा आणि शेवटी बिट घालायचे, हा क्रम पुष्कळ जणांना माहीत नसतो. कॉलेट नुसती स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला, तर पकड वाकडी बसते. त्यातच यंत्रासोबत आलेली कॉलेट ३.१७५ मिमीची आणि बाजारातून आणलेले बिट ३ मिमीचे असेल, तर ते सरकणार यात नवल नाही. शंकाच असेल तर बिटच्या दांड्यावर कॉलेटलगत मार्करची रेघ ओढून पाहा. इथेही तीच युक्ती चालते.

खोली जागेप्रमाणेच बदलत राहिली, तर टेबल आणि एक्सचे दांडे समांतर नाहीत किंवा फळी वाकलेली आहे. टेबलाच्या चार कोपऱ्यांवर साधा कागद ठेवून बिट तो कागद जेमतेम घासेपर्यंत खाली आणा आणि झेडचे चार आकडे लिहा. मित्रांपैकी कोणाकडे डायल गेज (उंचीतला बारीक फरक मोजणारे साधन) असेल तर एका संध्याकाळपुरते मागून घ्या, काम जास्त नेमके होईल. फरक नगण्य वाटला तरी नक्षीत तो दिसतो. ६० अंशांच्या व्ही बिटने कोरताना खोलीत ०.३ मिमीचा फरक पडला की रेघेची रुंदी सुमारे ०.३५ मिमीने बदलते. इलाज जुनाच आहे : टेबलावर एमडीएफचा तळ पक्का बसवून तो त्याच यंत्राने, रुंद सपाट बिटने अर्धा मिमी तासून घ्यायचा, आणि तो एकदा तासल्यावर पुन्हा उचकटायचा नाही. फळीचे म्हणाल तर पावसाळ्यात वखारीतून आणलेले सागवान लगेच कोरू नये. ज्या खोलीत यंत्र आहे तिथेच ते काही आठवडे आडव्या पट्ट्यांवर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे ठेवावे आणि मग सुताराकडून दोन्ही बाजूंनी रंधून घ्यावे. एकाच बाजूने रंधलेली फळी पुन्हा वाकते, आणि वाकलेली फळी क्लॅम्पने दाबून सरळ केली तर कोरून सोडल्यावर ती नक्षीसकट पूर्वपदावर येते.

आता संपर्क तुटण्याचे. सर्वांत आधी, यंत्र थांबते तेव्हा पडद्यावर काय लिहिलेले असते ते नीट वाचा. ‘अलार्म १’ असा संदेश असेल तर संपर्क तुटलेलाच नाही. मर्यादेचे स्विच दाबले गेल्याचा बोर्डाचा समज झाला आहे. स्पिंडलच्या वायरीशेजारून स्विचच्या वायरी गेल्या असतील तर असा खोटा समज वारंवार होतो. तात्पुरते $२१ शून्य करून पाहा. अलार्म बंद झाला तर त्या वायरी वेगळ्या वाटेने न्या किंवा शील्ड असलेल्या वापरा, आणि $२१ पुन्हा १ करा. पोर्ट बंद झाल्याचा संदेश असेल तर मात्र तो खरोखर यूएसबीचा दोष, आणि तो कोणत्या फेरीत उद्भवला यावरून गुन्हेगार कळतो. पहिल्या फेरीत, सगळे शांत असताना संपर्क तुटला तर संगणकाची झोप आणि यूएसबीची वीजबचत ही सोय बंद करा, आणि वायर बदला. दुसऱ्या फेरीत, स्पिंडल सुरू झाल्यावर तुटला, तर स्पिंडलच्या ७७५ मोटरच्या कार्बन ब्रशांच्या ठिणग्यांमुळे होणारा विद्युत गोंगाट कारणीभूत आहे. ‘१०४’ हा अंक छापलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे, तीन सिरॅमिक कपॅसिटर त्यावर पुरतात : एक मोटरच्या दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या कवचाला एकेक. जोडीला फेराइट कडी असलेली आखूड यूएसबी वायर घ्या आणि लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा.

तिसऱ्या फेरीत तुटला तर दोष व्हॅक्यूमच्या प्लॅस्टिक नळीचा आहे. कोरडा भुसा त्या नळीतून धावताना स्थिर वीज साठते आणि ती यंत्राच्या सांगाड्यावर उडते. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत हा त्रास उफाळतो आणि पावसाळ्यात आपोआप नाहीसा होतो, त्यामुळे लोक भलत्याच गोष्टीला श्रेय देतात. नळीभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून ती आणि यंत्राचा ॲल्युमिनियम सांगाडा अर्थिंगला जोडावा. मात्र भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या घरांत तिसरे भोक नुसते शोभेचे असते. हे सगळे नको असेल तर मेमरी कार्डावरून चालणारा ऑफलाइन कंट्रोलर घेऊन संगणकच वगळता येतो. तो आणि संगणक एकाच वेळी जोडू नयेत एवढेच.

काळपट कडा ही आपली चौथी तक्रार, आणि इथे दुसऱ्या मित्राचा सल्ला उघड अपाय करतो. दोन धारांचे बिट मिनिटाला ९००० फेरे फिरत असेल आणि फीड मिनिटाला ३०० मिमी असेल, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१७ मिमी लाकूड येते. एवढ्या पातळ थराला धार कापत नाही, ती घासते. घासण्याने उष्णता होते, लाकूड करपते आणि धार मरते. फीड ७२० केला तर वाटा ०.०४ मिमी होतो आणि कीस निघू लागतो. जोर कमी करायचा असेल तर फीड नव्हे, खोली कमी करावी. सागवानात या यंत्राला एका थरात अर्धा मिमी पुरे. खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन पाहा. तो गव्हाच्या पिठासारखा मऊ असेल तर बिट घासते आहे. बारीक, कोरड्या ढलप्या हाताला लागल्या तर ते कापते आहे. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे चांगले कार्बाइडचे बिटही त्यात लवकर बोथट होते, आणि तंतू सुटू लागले की पहिला संशय बिटवरच घ्यावा. बिट उचलले की स्पिंडल मंदावतो आणि लाकडात शिरताना पुन्हा वेग घेतो, असे दिसले तर $३२ तपासा. लेझरसाठी तो आकडा १ करून ठेवलेला राहिला असेल. स्पिंडलसाठी तो ० हवा.

इथे सागवानाच्या भुशाबद्दल एक वाक्य आवश्यक आहे. तो कातडीला आणि श्वासाला त्रास देतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहे. तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क हवा.

बोर्ड बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला स्वतःचा खिसा हलका करावा लागत नाही, म्हणून तो फार लवकर दिला जातो. त्या मित्राकडून त्यापेक्षा उपयोगाची मदत मागा. त्याचे यंत्र ठीक चालत असेल तर आपला प्रोग्रॅम त्याच्या यंत्रावर आणि त्याचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर, दोन्ही हवेत, चालवून पाहा. आपला प्रोग्रॅम तिकडेही त्याच ओळीवर सरकला तर दोष प्रोग्रॅममध्ये आहे. त्याचा प्रोग्रॅम इकडे बिघडला तर यंत्रात. मग वाय मोटरची वायर एक्सच्या जागी आणि एक्सची वायच्या जागी, अर्थात वीज बंद करून, लावा. दोष अक्षासोबत राहिला तर यांत्रिक, आणि ड्रायव्हरसोबत गेला तर, आणि फक्त तेव्हाच, बोर्डाचे पैसे खर्च करा.

वीज जाण्याचाही विचार करून ठेवा. १५ × २० सेंमीचा उठाव ०.३ मिमी अंतराच्या फेऱ्यांनी पूर्ण करायचा म्हणजे २० सेंमीच्या ५०० फेऱ्या, एकूण १०० मीटर प्रवास. मिनिटाला ७५० मिमी वेगाने केवळ शेवटच्या थराला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. एवढ्या वेळात वीज एकदा तरी जाईल असे धरूनच चालावे. ३०१८ ला बहुधा होमिंगचे, म्हणजे यंत्राला त्याची मूळ जागा दाखवणारे, स्विच नसतात. वीज परत आल्यावर यंत्र जिथे उभे असेल तिथेच स्वतःचा शून्य मानते आणि साठवलेला कामाचा शून्यही त्याबरोबर खोटा ठरतो. म्हणून प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी फळीच्या कोपऱ्यात, नक्षीबाहेर, कामाच्या शून्यावरच त्याच बिटने २ मिमी खोल भोक पाडून ठेवा. वीज आली की बिट हाताने त्या भोकात अलगद बसवा, एक्स आणि वाय शून्य करा, झेड फळीच्या न कोरलेल्या पृष्ठभागावर कागदाने घ्या, आणि प्रोग्रॅम थांबलेल्या ओळीच्या काही ओळी आधीपासून, स्पिंडल सुरू करण्याची आज्ञा वर जोडून, पुन्हा चालवा.